आम्पे, नदीच्या तोंडाशी

बाप सांगायचा, पहिल्या पहाटे त्याला वाटलं
समुद्र मेला.
उठून बघतो तर पाणी नाही,
नुसता चिखल, नजर जाईल तिथवर,
आणि त्यात पाय रोवून उभे बगळे.
मिलेटसहून दोरखंडानं बांधून आणलेली माणसं
आखाताच्या काठावर गप्प उभी.
कुणीतरी म्हणालं, राजानं तेही नेलं.
दुपारी पाणी परत आलं, न सांगता,
गुडघ्यापर्यंत,
आणि कोणी कोणाच्या तोंडाकडं बघितलं नाही.

आमच्या भाषेत भरतीला शब्द नव्हता.
तिकडचा समुद्र जागचा हलत नसे म्हणे.
धक्क्याच्या ज्या पायरीवर आज शेवाळ
त्याच पायरीवर आज्याच्या वेळचं शेवाळ.

मी इथलीच. मोल्पिसची धाकटी.
मला बोलण्याआधी सुतारकाम ऐकू आलं :
कणा, बरगडी, खुंटी, सांधा.
पण इथं लाकूड कुठं?
इथं लव्हाळ्याच्या मोळ्या, वर उकळतं डांबर,
आणि गोल गोल फिरणारी नाव
जिला नाळ नाही, वरवंडी नाही.
बाप तिला नाव म्हणत नसे.
तीस वर्षं तिला डांबर फासलं
आणि तीस वर्षं टोपलीच म्हणाला.

महिनाअखेर कारकून यायचा, नबू-इद्दिन.
ओल्या मातीची पाटी, कानावर बोरू.
घाम पुसत विचारायचा : किती?
आम्ही सांगायचो : मोल्पिस, तिमेस्सा, लंगडा ईफिस…
तो लिहायचा : यवन, बाप्ये चौदा. यवन, बायका नऊ.
पलीकडं कारियाचे लोक राहत,
त्यांचं एक अक्षर आम्हाला कळत नसे.
तेही यवन.
शब्द होता आमच्याच नावाचा,
दुसऱ्याच्या दातांनी चावलेला.
पुढं पुढं हाकेला आम्ही ओ देऊ लागलो.

माणूस वाईट नव्हता नबू.
जव मोजताना कधी माप हलवलं नाही.
तिमेस्साला मुलगा झाला तेव्हा वीस शेर दिले.
मला मुलगी झाली, दहा.
दहाच का, मी विचारलं.
म्हणाला, बाई, मी देत नाही. पाटी देते.

मग एका हिवाळ्यात धूप विकणारा आला,
आमच्या बोलीत बोलला, पण काही शब्द नवे,
ऐकताना बाप कपाळाला आठ्या घालायचा.
राजाची गलबतं बुडाली तिकडं, तो म्हणाला.
मिलेटस मोकळं झालं.
पुन्हा बांधतायत. रस्ते असे सरळ,
जसे दोरी धरून आखलेले.
बापानं डांबराचा कुंचा खाली ठेवला.
अंजिराच्या झाडापाशी गल्ली वळते ना, तिथं—
वळत नाही, तो म्हणाला. आता काहीच वळत नाही.
अंजीर?
त्याला माहीत नव्हतं. धुपाचा भाव सांगितला.

त्या रात्री चौघं निघाले, एका टोपलीतून.
आधी बापाला विचारलं असणार, टोपली त्याचीच होती.
ओहोटी लागली होती.
थांबायला हवं होतं, थांबले नाहीत.
पहाटे चिखलात सापडले,
कमरेपर्यंत, बगळ्यांच्या शेजारी.
महिनाअखेर नबूनं लिहिलं : यवन, बाप्ये दहा.
मान वर केली नाही. बोरू मात्र
पुसायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

तू का गेला नाहीस, हे मी विचारलं नाही.
बाप पडत्या उन्हात बसला होता,
माझी मुलगी चिखलात शिंपले वेचत होती,
तिला त्यानं विचारलं,
हे पाणी परत येतं, त्याला
हे लोक काय म्हणतात गं?
तिनं सांगितलं. इथल्या भाषेतला शब्द,
घशातून काढायचा.
बापानं तो दोनदा म्हणून बघितला,
ओठांत खुंटी धरून बोलावं तसा.
चुकला. पोर हसली.
मागं डांबर उकळून भांड्याबाहेर येत होतं,
तो उठेना, म्हणून मीच उठले.